टाळी एकाला, मत दुसऱ्याला
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उमेदवारांची जाहीर वादसभा ऐकल्यावर मतदाराच्या मनात काय घडते, हा आजचा विषय. अमेरिकेत पक्षाचा अधिकृत उमेदवार राज्याराज्यांतील पक्षाच्या मतदारांकडून निवडला जातो आणि त्याआधी इच्छुकांना एका व्यासपीठावर उभे करून प्रश्न विचारले जातात. आपल्याकडे तिकिटे बंद दाराआड वाटली जातात. तेव्हा या पद्धतीला नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस फारसा नाही. परंतु तिच्यातून जनमत कसे घडते, याविषयी वृत्तपत्रे जे सांगतात ते सगळेच खरे मानण्याचे कारण नाही. त्यासाठी मी एकच उदाहरण जरा विस्ताराने घेतो.

१९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री नेवाडा राज्यातील लास व्हेगास येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे सहा इच्छुक समोरासमोर आले. सुमारे दोन कोटी लोकांनी ही सभा दूरचित्रवाणीवर पाहिली. त्या पक्षाच्या उमेदवारीच्या कोणत्याही वादसभेला तोपर्यंत इतका प्रेक्षक लाभला नव्हता. न्यूयॉर्कचे माजी महापौर आणि अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग प्रथमच व्यासपीठावर येत होते, हे त्याचे मुख्य कारण. स्वतःच्या खिशातून जाहिरातींवर अफाट पैसा ओतून त्यांनी जनमत चाचण्यांत वरचे स्थान मिळवले होते. सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी पहिल्याच काही मिनिटांत त्यांना धरले. त्यांच्या कंपनीतील ज्या स्त्रियांनी तक्रारी केल्या, त्यांना तोंड बंद ठेवण्याच्या करारांनी का बांधून ठेवले आहे, या प्रश्नावर ब्लूमबर्ग यांना धड उत्तर देता आले नाही. दोन दिवसांनी तीन स्त्रियांना करारातून मोकळे करण्याची तयारी त्यांना जाहीर करावी लागली. जाहिरात विकत घेता येते, उत्तर विकत घेता येत नाही, हे देशाने पाहिले.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट घडली. तिची चर्चा मात्र कमी झाली. मोठ्या कंपन्यांच्या मालकीत कामगारांना वाटा मिळावा, ही बर्नी सँडर्स यांची मागणी. तिच्यावर बोलताना ब्लूमबर्ग यांनी ‘कम्युनिझम’ हा शब्द फेकला आणि प्रश्न संपला असे मानले. सँडर्स यांची तीन घरे त्यांनी काढली. सँडर्स यांनी उलट सांगितले की धनिकांना सरकारी सवलतींचा समाजवाद या देशात आधीच लाभला आहे. आपल्या दृष्टीने सभेतील खरा वाद तो हाच होता. पण दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांना वॉरन यांचा घाव अधिक प्रिय वाटला, आणि त्या रात्रीच्या विजयी त्याच, असा निर्वाळा मिळाला.

आता मतदार काय म्हणाला ते पाहू. तीनच दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, नेवाडात कॉकस झाले. कॉकस म्हणजे पक्षाच्या मतदारांनी एकत्र जमून उघडपणे उमेदवारामागे उभे राहण्याची रीत. सँडर्स फार मोठ्या अंतराने पहिले आले. बायडन दुसरे. वॉरन चौथ्या. ब्लूमबर्ग यांचे नाव तर नेवाडात मतदानाला नव्हतेच!

याचे एक साधे कारण आहे. या वेळी नेवाडात आगाऊ मतदानाची सोय होती आणि ती १८ तारखेला, म्हणजे वादसभेच्या आदल्या दिवशीच संपली होती. एकंदर सुमारे १ लाख ५ हजार मतदारांपैकी जवळजवळ ७५ हजारांनी मत आधीच देऊन टाकले होते. ज्या सभेने देश हलला, ती ऐकण्यापूर्वीच दहांतील सातांचा निर्णय झालेला होता. समालोचकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. सांगण्यात रस नव्हता, इतकेच.

परंतु एवढ्या स्पष्टीकरणावर थांबलो तर आपली फसगत होईल. लास व्हेगासची मोठी हॉटेले आणि जुगारगृहे ज्या रस्त्यावर आहेत, तेथे कामाच्या पाळीत असलेल्यांसाठी सात कॉकस केंद्रे ठेवली होती. खोल्या आवरणाऱ्या स्त्रिया, आचारी, वाढपी, हमाल. यांतील बहुतेक कलिनरी युनियनचे सभासद, आणि ही संघटना काही कागदावरची नव्हे. १९९१ साली फ्रंटिअर हॉटेलात तिने सुरू केलेला संप सहा वर्षांहून अधिक काळ, १९९८ पर्यंत चालला. साडेपाचशे संपकऱ्यांपैकी एकही फुटला नाही. अशा लढ्यांतून तिने सभासदांसाठी उत्तम आरोग्यविमा मिळवला. सँडर्स यांच्या सर्वांसाठी एकच सरकारी विमा या योजनेत तो विमा जाईल, अशी पत्रके नेतृत्वाने वाटली. वादसभेतही प्रतिस्पर्ध्यांनी या भांडणाचा उल्लेख करून सँडर्स यांना अडचणीत आणण्याचा प्रयत्न केला. युनियनच्या पुढारी स्त्रियांना सँडर्सच्या काही उतावळ्या समर्थकांनी अश्लाघ्य शब्दांत धमकावले होते, त्याचाही जाब त्यांना द्यावा लागला आणि तो विचारला गेला हे योग्यच झाले.

नेतृत्वाची भीती क्षुद्र होती असे मी म्हणणार नाही. रक्त आटवून मिळवलेली गोष्ट कोणी सहजासहजी सोडत नाही. पण त्या सात केंद्रांपैकी बहुतेक ठिकाणी कामगार सँडर्स यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. स्वतःच्या पुढाऱ्यांचे पत्रक त्यांनी वाचले होते, व्यासपीठावरचा आरोपही त्यांच्या कानी आला असणार. काहींनी वार्ताहरांना दिलेले कारण अगदी घरगुती होते. आपल्याला विमा आहे, पण नात्यागोत्यातल्या, युनियनबाहेरच्या माणसांना नाही. हे उत्तर कोणत्याही वादसभेत तयार झालेले नाही. सँडर्स यांच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी महिने स्पॅनिशभाषक वस्त्यांतून, त्यांच्याच भाषेत, दारोदार जाऊन जे बोलणे केले होते, त्या बोलण्यात ते तयार झाले.

मग वादसभेचा परिणाम शून्य का? तसे नाही. १९४८ च्या मे महिन्यात ओरेगॉन राज्यात रिपब्लिकन पक्षाचे ड्यूई आणि स्टॅसन नभोवाणीवर तासभर एकाच प्रश्नावर बोलले. कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालावी काय? समोर टाळ्या पिटणारा श्रोता नाही. स्टॅसन बंदीच्या बाजूचे, ड्यूई विरुद्ध. शीतयुद्धाची हवा तापत असताना, पुराणमतवादी पक्षाच्या मतदारांनी चार दिवसांनी बंदीला विरोध करणाऱ्या ड्यूईंनाच विजयी केले. फरक थोडाच होता आणि त्याला अन्य कारणेही असतील. पण एका प्रश्नाला पुरेसा अवधी मिळाला तर सामान्य माणूस युक्तिवाद पचवतो, याची ही साक्ष आहे. लास व्हेगासला सहा जण, दोन तास आणि डझनभर विषय होते. तेथे घाव लक्षात राहतो, मुद्दा राहत नाही.

नेवाडानंतरचे दिवस आपणांस अधिक बोचणारे आहेत. २९ फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलायना बायडन यांनी जिंकले. ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान झाले; ब्लूमबर्ग यांच्या पदरात अमेरिकन सामोआ हा चिमुकला द्वीपसमूह तेवढा पडला आणि दुसऱ्या दिवशी ते बाजूला झाले. वॉरन स्वतःच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तिसऱ्या आल्या. ५ मार्चला त्याही थांबल्या. एकाने घाव घातला, दुसरा पडला आणि फळ मिळाले तिसऱ्याला, ज्याचे त्या रात्रीचे एकही वाक्य आज कोणाला आठवत नाही. ८ एप्रिलला सँडर्स यांनीही माघार घेतली.

मतदानकेंद्रांबाहेर घेतलेल्या पाहणीत त्या काळी दोन गोष्टी वारंवार दिसल्या. एक, बायडन यांनी जिंकलेल्या कित्येक राज्यांतही निम्म्याहून अधिक डेमोक्रॅट मतदारांना सर्वांसाठी सरकारी विमा मान्य होता. दोन, आपल्या मताशी जुळणाऱ्यापेक्षा ट्रम्प यांना हरवू शकेल असा उमेदवार त्यांना हवा होता. म्हणजे मतदार वादसभा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतच नव्हता. शेजाऱ्याला हा माणूस पटेल का, पलीकडच्या राज्यातला गोरा गिरणीकामगार याला मत देईल का, असे दुसऱ्याचे मन तो अजमावीत होता. ‘मला पटते, पण लोकांना पटणार नाही’ असे लक्षावधी लोक एकाच वेळी म्हणत होते, आणि हे ‘लोक’ म्हणजे तेच होते. समाजवादी विचाराचा असा पराभव विरोधकाच्या युक्तिवादाने होत नाही. तो आपल्याच माणसाच्या शेजाऱ्यावरील अविश्वासाने होतो.

नेवाडातील त्या हॉटेलांच्या दालनांत हे घडले नाही, याचे एक कारण मला असे दिसते की तेथे शेजारी प्रत्यक्ष समोर उभा होता. खोल्या आवरणारी बाई कोणत्या कोपऱ्यात गेली, हे वाढप्याने डोळ्यांनी पाहिले. तर्क करण्याची गरजच उरली नाही. या रीतीचे तोटेही उघड आहेत. मालकाच्या नजरेखाली उघड मत देणे सर्वांना परवडत नाही, आणि पाळीवरून तासभर सुटणेही सोपे नसते. पुढे २०२१ साली नेवाडाने कायदा करून कॉकसऐवजी गुप्त मतदानाची प्राथमिक निवडणूक स्वीकारली. मतदाराची सोय त्यात निश्चित झाली. हॉटेलांतली ती सात केंद्रे मात्र कॉकसबरोबरच गेली.