समुद्राला जायचं ठरलं, पण मुक्काम कुठं?

(संघाच्या मासिक सभेत सहलीच्या विषयावर झालेल्या भाषणाचा हा मजकूर. शिरूर आणि दौंड, दोन्हीकडच्या गटांनी मागितला म्हणून छापत आहोत.)



अष्टविनायक झाले, पंढरपूर-तुळजापूर झालं, कोल्हापूरची अंबाबाई झाली. यंदा समुद्र बघायचा, असं मागच्या सभेत चाळीस जणींनी हात वर करून सांगितलं. त्यातल्या सहा-सात जणी साठीच्या पुढच्या आहेत आणि त्यांनी समुद्र फक्त टीव्हीत बघितलाय. पैसे वर्षभर थोडे थोडे बाजूला काढलेत, कुणी दुधाच्या पगारातून, कुणी खुरपणीच्या हजेरीतून. घरात परवानगी काढायला काय काय बोलावं लागलं ते ज्याचं त्याला माहीत. तेव्हा गाडीवाला नेईल तिथं उतरायचं, असं यावेळी करायचं नाही. मी आणि दौंडकडच्या दोघी जणी दिवाळीनंतर पुण्याहून श्रीवर्धनची एसटी धरून गेलो आणि तो सगळा पट्टा बघून आलो. तेच सांगते.

आधी हे सांगते की अलिबाग का नको. जवळ आहे, नाव ऐकलेलं आहे, कबूल. पण शनिवार-रविवारी मुंबई तिथं लोटते आणि दरही मुंबईच्या हिशोबानं चढतात. खाली काशिदचा किनारा दिसायला फार सुंदर, पण लाटा जोराच्या. त्याच्याही खाली मुरूड-जंजिऱ्याला १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून सहलीला गेलेली १४ कॉलेजची पोरं बुडाली, तुम्हाला आठवत असेल. 

आणि नाव नीट ऐकून घ्या. मुरूड दोन आहेत. जंजिरा किल्ल्याचं मुरूड रायगडात आणि महर्षी कर्व्यांचं मुरूड रत्नागिरीत, दापोली तालुक्यात. वेळासही दोन आहेत, एक दिवेआगरच्या शेजारी आणि कासवांसाठी प्रसिद्ध आहे ते खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यात. फोनवर नुसतं "मुरूडला खोली आहे का" विचारलं तर पैसे एकीकडं आणि गाडी दुसरीकडं. तालुका विचारायचाच.

आता आपला पट्टा. पुण्यातून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरला की माणगाव. तिथून म्हसळा. म्हसळ्यापुढं एक फाटा बोर्ली पंचतनवरून दिवेआगरला जातो, दुसरा श्रीवर्धनला आणि पुढं हरिहरेश्वरला. दिवेआगर ते श्रीवर्धन किनाऱ्याकिनाऱ्यानं रस्ता आहे, शेखाडीवरून, साधारण वीस किलोमीटर. तो रस्ता मात्र दिवसाउजेडीच बघायचा, एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला पाणी. गाडीतल्या सगळ्या जणी एका खिडकीला गोळा होतील, एवढं ध्यानात ठेवा.

तिन्ही गावं जवळजवळ असली तरी स्वभाव वेगवेगळे. हरिहरेश्वर हे देवाचं गाव. दक्षिण काशी म्हणतात त्याला. देवळामागून पायऱ्या उतरून खडकावरून समुद्राच्या कडेनं प्रदक्षिणा घालतात. ती ओहोटीलाच घालायची. भरतीला तिथं खडकावर लाट येते आणि माणसं ओढून नेल्याचे प्रकार घडलेत. पुजाऱ्याला किंवा दुकानदाराला विचारल्याशिवाय एकीनंही खाली उतरायचं नाही. श्रीवर्धन हे तालुक्याचं गाव, पेशवा बाळाजी विश्वनाथ तिथला. बाजार आहे, दवाखाना आहे, एसटीचं आगार आहे. ज्यांना स्वतःची गाडी न करता एसटीनं जायचं असेल त्या गटांनी डोळे झाकून श्रीवर्धन धरावं. महिलांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. करारावर आख्खी गाडी घ्यायची असेल तर ही सवलत धरून हिशोब करू नका, शिरूरच्या किंवा दौंडच्या आगारात आधी विचारा.

आम्हा तिघींचं मत मात्र दिवेआगरला मुक्काम करावा असं झालं. कारण सांगते. किनारा लांब आणि सपाट आहे, काठानं सुरूची झाडं आहेत, म्हाताऱ्या माणसाला सावलीत बसून पाणी बघता येतं. घरं नारळी-पोफळीच्या वाड्यांत आहेत आणि बऱ्याच वाड्या किनाऱ्यापासून चालत जाता येईल इतक्या जवळ. गाव लहान आहे, रात्री अंगणात बसलं तरी भीती वाटत नाही. शिवाय सुवर्ण गणेश. १९९७ साली एका बाईंच्या पोफळीच्या बागेत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. गाव एकदम नावारूपाला आलं. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मुखवटाही गेला. २०२१ ला पुन्हा मुखवटा बसवला. मधली नऊ वर्षं त्या गावानं कशी काढली असतील बघा, आणि त्यातच २०२० सालचं निसर्ग वादळ. ३ जूनचा दिवस. आपल्या जिल्ह्यातही मावळ-खेडकडं पॉलीहाऊसचे कागद उडाले होते. तिकडं तर पोफळीच्या आख्ख्या वाड्या आडव्या झाल्या. आपल्याकडं कांदा गेला तर पुढच्या हंगामाला पुन्हा लावता येतो. पोफळ लावली तर सुपारी हातात यायला पाच-सात वर्षं. तेवढी वर्षं घर कशावर चालवायचं? कितीतरी घरांत ते पाहुण्यांच्या दोन खोल्यांवर चाललं.

म्हणून माझं म्हणणं, हॉटेल नको, घरगुती निवास घ्या. स्वस्त पडतं हे एक. पण स्वयंपाक करणारी बाई समोर असते, तिला "मीठ कमी टाका" म्हणता येतं. आपल्यात माळकरी बायका आहेत. त्यांच्यासाठी शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होणार का, हे आधी विचारायचं, तिथं गेल्यावर नाही. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाची एकादशी, तेही कळवून ठेवायचं. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. भाकरी मिळते पण तांदळाची. बाजरीची लागतेच म्हणणाऱ्यांनी घरून बांधून आणावी, पहिल्या दिवसापुरती चालेल.

खोली कशी बघायची? फोटो बघून नाही. एका ठिकाणचा फोटो आम्हाला दाखवला होता, खिडकीत समुद्र. प्रत्यक्षात समुद्र दीड-दोन किलोमीटरवर आणि खिडकीत शेजारच्याची भिंत. आपण चाळीस जणी, तर पहिला प्रश्न खोल्या किती हा नाहीच. संडास किती आणि न्हाणीघरं किती, हा पहिला प्रश्न. सकाळी साडेसातला निघायचं ठरलं आणि चार संडास असले तर काय होतं ते लग्नाच्या वऱ्हाडात आपण सगळ्यांनी भोगलंय. दुसरं, दाराची कडी आतून नीट लागते का. तिसरं, गुडघे दुखणाऱ्यांसाठी तळमजल्यावर खोल्या आहेत का. वीज गेली तर काय सोय. पाळी आलेल्या बाईला कचरा टाकायला झाकणाचा डबा आहे का. लाजायचं कारण नाही, विचारायचं, घरची बाई फोनवर असेल तर ती आपणहून सांगते. आणि ड्रायव्हरची झोपायची सोय वेगळी हवी. तो रात्रभर गाडीत अवघडून झोपला तर परत येताना ताम्हिणीचा घाट त्यालाच उतरायचा-चढायचा आहे.

दर सांगतात तेव्हा माणशी की खोलीमागं, हे स्पष्ट करून घ्या. जास्तीच्या गादीचे वेगळे पैसे आहेत का, चहा-नाश्ता धरून का, सकाळी किती वाजता खोली सोडायची. हे सगळं मोबाइलवर लिहून मागवायचं, तोंडी नको. आगाऊ रक्कम थोडीच द्यायची. इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवर सगळे पैसे टाकून मोकळं व्हायचं नाही. हल्ली खोटे नंबर फार आहेत. आधी व्हिडिओ कॉल करून घर, अंगण, न्हाणीघर दाखवायला सांगा. ज्याचं खरंच घर आहे तो दाखवतो. आणि गटाच्या फिरत्या निधीला किंवा कर्जाच्या पैशाला सहलीसाठी हात लावायचा नाही, हे संघाचं ठरलेलं आहे. सहलीची वर्गणी वेगळी, वही वेगळी.

पाण्यात उतरायचं असेल तर गुडघ्याच्या वर नाही. ओली नऊवारी काय, सहावारी काय, पायात गुंडाळली की माणूस उठत नाही आणि लाट परत जाताना वाळू पायाखालून ओढते. पंजाबी ड्रेस बरा. चार-चार जणींनी हात धरून उभं राहायचं.

भरती-ओहोटीचा एक जुना हिशोब तिकडच्या कोळ्यांना तोंडपाठ असतो आणि आपल्यालाही जमेल, कारण तिथी आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. जेवढं येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होतो, पण अंदाज बसतो. पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी बाराच्या सुमाराला आणि सगळ्यात मोठी, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, त्याला भांग म्हणतात.

अजून एक, मोराची चिंचोली आपल्याच शिरूर तालुक्यात आहे. मोर बघायला लोक येतात, शेतात राहतात, पिठलं-भाकरी खाऊन पैसे देऊन जातात. आपल्यातल्या ज्यांना असं काही करायचं मनात आहे, त्यांनी दिवेआगरला पाहुणी म्हणून राहताना घरमालकिणीशी बसून बोलावं. चादरी किती लागतात, गर्दी नसलेल्या महिन्यांत काय करता, नवरा हिशोब बघतो की तुम्ही. २०२३ ला सरकारनं महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलंय, त्यात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. अर्ज कसा करायचा ते पर्यटन विभागाच्या पुण्याच्या कार्यालयात विचारून पुढच्या अंकात देऊ.

राहिली तारीख. कांद्याची लागण उरकली पाहिजे आणि काढणी सुरू व्हायच्या आत परत आलं पाहिजे, म्हणजे माघ महिना. माघी एकादशीला माळकरी पंढरपूरला जाणार. माघी पुनवेला जेजुरीची यात्रा, दौंडकडच्या निम्म्या घरांत पाहुणे. महाशिवरात्रीला हरिहरेश्वराला पाय ठेवायला जागा नसते. मधे उरते वद्य अष्टमी. भरती सकाळी-संध्याकाळी सहाला, ओहोटी दुपारी बाराच्या सुमाराला, आणि भांगाचं पाणी असल्यामुळं प्रदक्षिणेलाही बरं. रविवार सोडून मधले वार धरले तर दरही उतरतात. गाड्या पहाटे चारला सोडाव्या लागतील, नाहीतर शिरूरवाल्या वाघोलीत आणि दौंडवाल्या हडपसरला अडकतील आणि घाट उन्हात येईल. ज्यांना गाडी लागते त्यांची नावं वेगळी द्या, पुढच्या सीट त्यांना. बाकी गटांनी आपापली यादी, आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर येत्या सभेला लिपिकेकडं जमा करावा.