गच्चीवरची वीज आणि तिचा हिशेब



पनवेलजवळचे विचुंबे आता निम्मे गाव आणि निम्मे शहर झाले आहे. कौलारू घरांशेजारी चाळी आणि इमारती उभ्या आहेत, आणि विजेचे बिल ही घरोघरची चिंता आहे. छोटी पवनचक्की आणि सौर पॅनेल बसविले की या चिंतेतून सुटका होते, असा प्रचार सर्वत्र चालतो. त्यातला निम्माच भाग खरा आहे. तो कोणता, हे पैसे मोजण्यापूर्वी कळलेले बरे.

वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला, की शक्ती एक अष्टमांश उरते. २ मीटर व्यासाची चक्की सेकंदाला ८ मीटर वेगाच्या वाऱ्यात सुमारे ३०० वॅट देईल. ४ मीटर वेगात जेमतेम ३५. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर चक्क्या फिरतात, कारण तेथे उंची आहे, मोकळीक आहे. विचुंब्यात शेजारची इमारतच वारा अडविते आणि उरलेल्याचे भोवरे करते. पावसाळ्यात ऊन घटते तेव्हा वारा वाढतो, हा युक्तिवाद खोटा नाही. पण तेवढ्यासाठी उंच खांब उभारण्याचा खर्च गरिबाने का करावा? तोच पैसा आणखी दोन पॅनेलांत घालणे शहाणपणाचे.

उन्हाचा हिशेब सरळ आहे. १ किलोवॅटचा संच सावली नसलेल्या सुमारे १०० चौरस फुटांत मावतो आणि वर्षाची सरासरी धरता दिवसाला ४ युनिटे देतो. मात्र बॅटरीविना वाहिनीस जोडलेला संच वाहिनी बंद पडताच स्वतःही बंद पडतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडात विजेचे खांब आडवे केले, तेव्हा असे पॅनेल असलेल्या घरातही अंधारच असणार होता. हा संचाचा दोष नव्हे. घरातून उलट आलेल्या विजेने खांबावरच्या लाइनमनचा बळी जाऊ नये, यास्तव ती व्यवस्था आहे. ज्याला अंधारातही दिवा हवा, त्याने बॅटरी घ्यावी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १.८ युनिटे मावतात. शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी. तेवढ्यात ९ वॅटचे ४ दिवे आणि ३० वॅटचे २ पंखे रात्र काढतात. गिझरचे नाव काढू नये.

आता खरा प्रश्न. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरले, पण घरमालकाला. गृहनिर्माण संस्थांसाठीही सामाईक सोयींपुरती किलोवॅटमागे १८,००० रुपयांची तरतूद झाली. चाळीतला भाडेकरू मात्र बाहेरच राहिला. त्याला मीटर आहे, बिल आहे, फक्त छप्पर नाही. शाळा, समाजमंदिर यांची छपरे सर्वांची आहेत. तेथे निपजलेली युनिटे भाडेकरूंच्या बिलांत वळती करावीत, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत आणि वीज कंपनीपुढे लेखी मांडावी. सोबत चाळींतील मीटरांची यादी जोडावी.