भिंतींचा रंग



भिंतीच्या रंगावर भाषण करण्याचा प्रसंग आमच्यावर येईल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. परंतु नुकत्याच पार पडलेल्या रंगकामाने आम्हां उभयतांना जे शिकविले, ते आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

आमचे घर कोलकात्यातील जुन्या धाटणीचे. लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, तिला काळी किनार, खिडक्यांना हिरव्या झडपा. इकडे त्यांना खडखडी म्हणतात. दिवाणखान्यात उजेड येतो तो उत्तरेचा. आमच्यापैकी एकाला भिंती गेरव्या हव्या होत्या. गावच्या वाड्यात भिंतीला खालून हातभर ओढलेला गेरू ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे कारण सांगावयास नको. दुसऱ्या पक्षाला हवा होता पांढरा. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

अखेर रंगाऱ्याने एका भिंतीवर चार हात गेरवा रंग लावून दाखविला. गेरूचा पक्ष हरखून गेला. सायंकाळी आई आतून आल्या. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू. भिंतीशी येऊन त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "जमीन कुठं संपते रे?"

लाल जमिनीला लागून लाल भिंत, आणि मंद उजेड! काळी किनारही त्यात बुडून गेली होती. आम्ही रंग पाहिला तो दुकानातील दोन बोटांच्या तुकड्यावर. रंगाला शेजार असतो, हे ध्यानीच आले नाही. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती, की काळा धागा फिका दिसतो. त्यांनी शोध घेतला तेव्हा रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा निस्तेज भासत होता. त्यावरील त्यांचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला. आम्हांला तेच आमच्या उंबरठ्याशी कळले.

चांगला पांढरा रंग पडलेल्या उजेडाचा तीन-चतुर्थांशांहून अधिक भाग परत देतो; गडद गेरवा त्याच्या निम्माही देत नाही. अधू डोळ्यांना हा फरक थोडा नव्हे. तथापि निव्वळ पांढराही आम्ही घेतला नाही. उत्तरेच्या उजेडात तो निळसर, रुग्णालयासारखा दिसतो. म्हणून त्यात किंचित पिवळी छटा घातली. तो नमुना सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर, असा तीन वेळा पाहिला. दुपारी जमिनीची लाली भिंतीच्या पायथ्याशी आपोआप उमटते. गेरूच्या पक्षाला एवढे समाधान फुकट लाभले!

चौकटी मात्र गेरव्या केल्या. पांढऱ्या भिंतीत त्या दुरून उठून दिसतात, आणि आई आता हात पुढे न करता दारातून जातात. नमुन्याचा गेरवा झाकावयास पांढऱ्याचे तीन हात लागले. उरलेला डबा माळ्यावर आहे. तो टाकून देण्यास घरातील एक पक्ष अद्याप तयार नाही.