अम्मीची वाकळ

जुन्या साड्या बोहारणीला गेल्या, तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली. गोधडी मात्र बऱ्याच घरांत अजून माळ्यावर पडून असते. टाकवत नाही आणि पांघरवतही नाही. आमच्या साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात.

अम्मी गेल्यावर तिनं शिवलेल्या वाकळीचा प्रश्न आम्हां तीन भावंडांत निघाला. थोरल्या आपाचं म्हणणं, सारखे तीन भाग करावेत, म्हणजे प्रत्येकाकडे आठवण राहील. बोलणं चांगलंच तापलं. शेवटी मी वाकळ जमिनीवर पसरली आणि म्हणालो, "आपा, आधी दोरा कुठून कुठं जातो ते बघ."

अम्मीनं कडेपासून सुरुवात केलेली. धावदोरा चौकोनाच्या आत चौकोन घेत मध्यावर येतो. वरचे तुकडे, आतले विरलेल्या लुगड्यांचे थर आणि खालचं अस्तर, सगळं त्यानंच धरून ठेवलेलं. कात्री लावली की प्रत्येक ओळ तुटणार आणि तिथून उसवत जाणार. कडेचा टाका तांदळाएवढा, मध्याकडे तो लांब होत गेलाय. नजर थकली असेल, किंवा पावसाळा तोंडावर आला असेल. अम्मीला लिहिता येत नव्हतं. तिचं हस्ताक्षर म्हणायचं तर हेच. आपा बराच वेळ हात फिरवत बसली, मग कात्रीचा विषय निघाला नाही.

सूफी फकिरांच्या ठिगळांच्या झग्याला मुरक्का म्हणत. मोगल दरबारात चित्रं आणि सुलेखनाची पानं एकत्र बांधून जो संग्रह करत, त्यालाही हाच शब्द. ठिगळाला इतका मान देणारी भाषा मला आवडते.

अमेरिकेत १८७६ साली फिलाडेल्फियाला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. तिथं जपानी कलावस्तू पाहून लोक भारावले आणि पुढच्या दशकात तिकडच्या बायकांत वेड्यावाकड्या तुकड्यांच्या गोधडीची, 'क्रेझी क्विल्ट'ची, लाट आली. रेशीम, मखमल, प्रत्येक जोडावर भरतकाम, फुलं, कोळ्याची जाळी. ती पांघरायला नव्हतीच, दिवाणखान्यात मिरवायला होती. पण त्या काळी रेशमाला वजन यावं म्हणून कथलासारख्या धातूंचे क्षार पाजत. त्या क्षारांनी रेशीम आतून खाल्लं. आज पेटीत जपलेल्या गोधड्यांतलंही ते रेशीम आपोआप चिरफळतं, आणि शेजारचा साधा सुती तुकडा धड असतो. मला यात गंमत वाटते, थोडा न्यायही वाटतो.

सुती झाली तरी वाकळ अमर नाही. जुन्या काळ्या-तपकिरी रंगांत पुष्कळदा लोखंडाचा अंश असतो. ते तुकडे आधी विरतात. आपल्याकडे वाकळ उन्हात टाकायची सवय. रोजच्या पांघरुणाला ते ठीक, पण जीर्ण कापडाचा रंग आणि ताकद दोन्ही ऊन काढून घेतं. सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. धुण्याच्या यंत्रात कधीच घालू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. मांजरपाट धुऊन, त्याची खळ काढून, त्यात गुंडाळावी, कारण कसर खळीवर येते. डांबरगोळी कापडाला लागू देऊ नये. फाटलं तिथं जाड, मजबूत दोरा घातला तर तोच दोरा शेजारचं कापड चिरतो. त्यापेक्षा खालून मऊ जुनं सुती कापड लावावं आणि हलक्या हातानं टाचावं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तीच ती घडी. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर दुमडलेलं कापड तिथंच तुटतं.

आता आमची वाकळ दर बकरी ईदला घर बदलते, आणि घर बदलताना घडी बदलतो. गेल्या खेपेला तिघांनी मिळून तुकडे ओळखले: अब्बांची लुंगी, दादीचं हिरवं लुगडं, माझा शाळेचा खाकी सदरा. पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर हे लिहून ती पट्टी अस्तराच्या कोपऱ्याला टाचली आहे. एक जांभळा, बारीक बुट्ट्यांचा तुकडा राहिला. आपा म्हणते तो शेजारच्या काकूंच्या लुगड्याचा, बहीण म्हणते मावशीच्या. पट्टीवर त्याच्यापुढं दोन्ही नावं लिहिली आहेत.