रुजू

आजपासून आपल्या नावाआधी ‘डॉक्टर’ ही उपाधी लावण्याचा अधिकार ज्यांना प्राप्त झाला आहे अशा माझ्या तरुण व्यवसायबंधूंनो आणि भगिनींनो,

दीक्षान्त प्रसंगी वयोवृद्ध पाहुण्याने उपदेश करावा आणि नवस्नातकांनी तो टोपी सावरीत ऐकून घ्यावा, हा शिष्टसंमत प्रघात मला ठाऊक आहे. परंतु उपदेश हे औषध या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी तालुक्यात मी चाळीस वर्षे मुक्तहस्ताने वाटले असून, तंबाखू सोडा असे ज्यांना ज्यांना बजावले त्यांतील बहुतेकांनी दवाखान्याच्या पायरीवर बसून प्रथम चंचीच सोडलेली मी पाहिली आहे. म्हणून आज उपदेशाऐवजी या नगरीच्या इतिहासातील दोन कागदांची हकीकत सांगावी, आणि तुमच्या हाती आज पडलेल्या तिसऱ्या कागदाशी त्यांचा काय संबंध पोहोचतो ते पाहावे, एवढाच माझा बेत आहे.

पहिला कागद १८८६ सालचा. कोल्हापूर हे त्या वेळी सुमारे तीन हजार चौरस मैलांचे संस्थान, जगाच्या नकाशावर शोधून काढावे लागेल असे एक छोटेखानी राज्य. गादीवर दत्तक आलेले शाहू महाराज अवघे बारा वर्षांचे, आणि कारभार त्यांच्या वतीने इतरांनी पाहावयाचा. अशा या राज्याने, स्वतःचे दहा दिवसांचे मूल गमावून, समुद्र ओलांडून, ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी संपादन केलेल्या आनंदीबाई जोशी यांना, अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जागा दरमहा ३०० रुपये वेतनावर देऊ केली, आणि त्यांनी ती स्वीकारली. पदवी मिळाली तेव्हा त्यांच्या वयास एकवीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. नोव्हेंबर महिन्यात त्या मुंबईस उतरल्या त्या क्षयाने जर्जर होऊनच. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांची प्राणज्योत मालवली. नेमणूक झाली, वेतन ठरले, जागा राखून ठेवली गेली. परंतु आनंदीबाई कोल्हापुरास रुजू झाल्या नाहीत.

‘रुजू’ हा शब्द आपल्या दप्तरांत अरबी-फारसीच्या वाटेने आला. शेतकऱ्याच्या तोंडी असलेल्या ‘रुजणे’ या क्रियापदाशी त्याची सोयरीक कोणी कोशकार मान्य करणार नाही. मला मात्र आयुष्याच्या अनुभवाने ती खरी वाटू लागली आहे. पदवी परीक्षेने मिळते, नेमणूक हुकमाने मिळते. परंतु एखाद्या गावी डॉक्टर खऱ्या अर्थाने रुजू झाला असे म्हणावयाचे, तर त्या मातीने त्यास धरावे लागते, आणि त्यास काही पावसाळे जावे लागतात. ज्या रुग्णालयाने आनंदीबाईंची वाट पाहिली, तेथेच पुढे शाहू महाराजांच्या पाठबळाने डब्लिनपर्यंत जाऊन शिकून आलेल्या कृष्णाबाई केळवकर यांनी दीर्घ काळ सेवा केली. त्या रुग्णालयास आज छत्रपती प्रमिलाराजे यांचे नाव आहे, सुशिक्षित माणसे त्यास सीपीआर म्हणतात, आणि खेड्यातून येणारी म्हातारी अजूनही ‘थोरला दवाखाना’ म्हणते. तिच्या तोंडचे ते ‘थोरला’ हे विशेषण इमारतीला उद्देशून असते असे मला वाटत नाही.

लहान मुलखातील वैद्यकाचे व्यवच्छेदक लक्षण हे, की तेथे डॉक्टरास लपावयास जागा नसते. ज्याचे गळू सकाळी फोडले तो संध्याकाळी एस.टी.त आपल्या शेजारी बसतो. ज्याच्या नावावर उधारी असते तो उसाचे बिल आले की देतो म्हणतो, आणि देतोही. आणि डॉक्टरचा हातगुण चांगला की वाईट, याचा निकाल दूध संस्थेच्या कट्ट्यावर लागतो, आणि त्या निकालावर अपील नाही.

माझ्या उमेदीच्या वर्षांतील एक गोष्ट सांगतो. बाजाराचा दिवस होता, पाऊस कोसळत होता आणि बाहेर साठ-सत्तर माणसे ताटकळत होती, अशा वेळी आठव्या महिन्यातील एक गर्भवती पाय सुजल्याची तक्रार घेऊन आली. या दिवसांत पाय सुजायचेच, मीठ कमी खा, असे सांगून मी तिला वाटेस लावले, आणि रक्तदाब पाहण्यास जी दोन मिनिटे लागली असती ती वाचविली. चौथ्या दिवशी तिला झटके आले. जीपगाडीतून कोल्हापुरास पोहोचेपर्यंत पोटातले मूल गेले, ती तेवढी वाचली. तिचा नवरा आमच्या घरी दुधाचा रतीब घालीत असे. आठ दिवस तो आला नाही. नवव्या दिवशी आला, माप घातले, आणि मापानंतरची ती थोडीशी वरची धार नेहमीसारखीच भांड्यात सोडून निघून गेला. त्याने मला कधी जाब विचारला नाही. सतरा वर्षे ते दूध आमच्या दारात येत राहिले, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या हातून एकही गर्भवती रक्तदाब न मोजता परत गेलेली नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा १९९५ साली आला तेव्हा आमच्या व्यवसायात मोठा हलकल्लोळ माजला होता. मला मात्र त्या वरच्या धारेइतकी कठोर उलटतपासणी कोणत्याही न्यायासनापुढे होईलशी वाटली नाही.

दुसरा कागद १९१९ च्या जानेवारीतला. शाहू महाराजांनी आपल्या नोकरवर्गास असा हुकूम फर्मावला, की अस्पृश्य मानल्या गेलेल्या प्रजाजनांशी ममतेने व समतेने वागणे ज्या अंमलदारास मान्य नसेल, त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनाम्याची सूचना द्यावी. अशास पेन्शनीचा हक्क राहणार नाही. मुदत आणि पेन्शन या दोन दप्तरी शब्दांत त्या राजाने सहस्रावधी वर्षांच्या अन्यायाची जी नाडी पकडली, ती शंभर व्याख्यानांना सापडली नसती. आपल्या व्यवसायापुरता त्या हुकमाचा अर्थ विशेष गंभीर आहे; कारण कारकुनास अंतर राखून कारकुनी करता येते, परंतु वैद्यक हे हात लावल्यावाचून सुरूच होत नाही.

रुग्णाची जात विचारून हात आखडणारा डॉक्टर आज उघडपणे दिसणार नाही, असे म्हणून समाधान मानण्यापूर्वी आपल्या हातांचा अलीकडचा हिशेब तपासावा. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. २०११ मध्ये ८६३. गर्भलिंगनिदानास मनाई करणारा कायदा १९९४ चा. तेव्हा ज्या मुली या मोजणीत आल्याच नाहीत, त्यांच्या बाबतीत दोष अडाणी सासूच्या माथी मारून आपणास सुटता येणार नाही. सोनोग्राफीच्या यंत्रावरचा हात पदवीधराचा होता, आणि ती पदवी अशाच एखाद्या सभामंडपात, टाळ्यांच्या गजरात, दिली गेली होती. रुग्ण पाठविल्याबद्दल पाकिटातून येणाऱ्या ‘कट’चीही हीच कथा, त्यास व्यवहार म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण त्याची पावती देणारा एकही भेटणार नाही, एवढ्यावरून त्याचे स्वरूप ओळखावे.

तुमच्या बाजूनेही फिर्याद आहे, आणि ती खरी आहे. आरोग्य केंद्रात परिचारिकेची जागा रिक्त असते, औषधांची मागणी कागदावर राहते, पंचगंगेस पूर आला की रस्ते बंद होतात आणि २०१९ सारख्या वर्षी अख्खी गावे तुमच्या भरवशावर पाण्यात उभी राहतात. आणि एवढे करून रुग्ण दगावला तर नातेवाइकांचा जमाव काचा फोडतो. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० साली कायदा केला. परंतु कायदा दारात रात्रपाळी करीत नाही, आणि सरकारने व समाजाने जे देणे आहे ते दिलेच पाहिजे, हे मी या व्यासपीठावरून निःसंदिग्धपणे सांगतो.

मात्र शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांना जे एक वर्ष खेड्यात काढावयाचे असते, त्याच्या बंधपत्राकडे शिक्षा म्हणून पाहणाऱ्यांना मी महाडजवळच्या बिरवाडीची आठवण देईन. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात हिंमतराव बावस्कर नावाचा एक तरुण डॉक्टर होता. कोकणात विंचू चावून धडधाकट माणसे फुप्फुसांत पाणी होऊन मरत. तो रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसून नोंदी घेत राहिला, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्याने पुढे या विषावर वापरून पाहिले, मृत्यू विलक्षण कमी झाले, आणि त्या आडगावच्या नोंदी ‘लॅन्सेट’सारख्या जगन्मान्य नियतकालिकाने छापल्या. हजेरी अनेकांनी लावली असेल. तो माणूस तेथे रुजला.

आता तिसरा कागद. तो तुमच्या हातातील पदवीचा आहे असे मी प्रारंभी भासविले. पण खरे पाहता तो अजून लिहिला जावयाचा आहे. थोड्याच दिवसांत तुम्ही कोठेतरी कामावर जाल, आणि तेथील कारकून तुमच्यापुढे रुजू अहवालाचा साधा अर्धताव ठेवील. त्यात नाव, हुद्दा, तारीख, आणि तारखेपुढे मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर, एवढेच भरावयाचे असते. या नगरीने जिला सर्वप्रथम बोलावले त्या मुलीच्या नशिबी ती एक ओळ लिहिणे आले नाही. तुमच्या नशिबी ते आहे. ‘मध्यान्हपूर्व’ असे लिहा, सही करा, आणि बाहेर रांग कितीही मोठी असली तरी, त्या दिवशी पाय सुजलेली जी पहिली बाई समोर येईल, तिचा रक्तदाब पाहा.