डेटाशीटमधून फुटप्रिंट : आकडे वाचा, भिऊ नका

(इलेक्ट्रॉनिक्सच्या नवशिक्या विद्यार्थ्यांपुढे, पालक व हितचिंतकांच्या उपस्थितीत केलेले भाषण)



आज एका लहानशा कामाविषयी बोलायचे आहे. सर्किट बोर्डावर बसणाऱ्या घटकाचे ‘फुटप्रिंट’ डेटाशीट पाहून स्वतः कसे तयार करावे, एवढाच विषय. काम लहान असले तरी त्यात चूक राहिली तर तयार होऊन आलेले सगळेच बोर्ड वाया जातात. तांब्यात उतरलेली आखणी खोडता येत नाही.

पालकांनाही समजावे म्हणून सांगते. घराच्या मेढी उभ्या करण्याआधी आपण दोरी धरून खड्ड्यांच्या जागा ठरवतो. तसेच घटकाचा प्रत्येक पाय जिथे टेकणार, तिथे बोर्डावर तांब्याचा उघडा तुकडा ठेवतात. त्याला पॅड म्हणतात. एका घटकाच्या सगळ्या पॅडची मिळून जी आखणी होते, ती फुटप्रिंट.

डेटाशीट हे कंपनीने दिलेले त्या घटकाचे माहितीपत्रक. त्याची पानेच्या पाने इंग्रजी पाहून बरीच मुले मागे सरतात. पण आपल्याला लागणारे पान बहुधा शेवटी असते आणि त्यावर इंग्रजी सर्वांत कमी असते. तिथे रेषा, बाण आणि आकडे असतात. ज्याला पट्टीवरचे मिलिमीटर वाचता येतात, त्याला ते पान वाचता येते.

उदाहरण म्हणून ५५५ हा टायमर घेऊ. १९७२ साली बाजारात आलेला हा आठ पायांचा आयसी आजही सर्वत्र मिळतो. तो एकाहून अधिक आकारांत येतो, म्हणून आपल्या हातात कोणता आहे हे आधी पाहा. आपण बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारा, एसओआयसी-८ नावाचा आकार घेऊ.

रेखाचित्र उघडल्यावर तीन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, एकक. काही चित्रांत इंच आणि मिलिमीटर शेजारी शेजारी छापलेले असतात. ०.०५० इंच म्हणजे १.२७ मिलिमीटर. ‘मिल’ हा शब्द दिसला तर तो इंचाचा हजारावा भाग समजा, मिलिमीटर नव्हे.

दुसरी गोष्ट, चित्र वरून काढले आहे की खालून. ५५५ मध्ये पहिला पाय ग्राउंडचा आणि आठवा वीजपुरवठ्याचा. हे दोन पाय समोरासमोर आहेत. खालचे चित्र वरचे समजून आखले तर दोघांची अदलाबदल होते, पुरवठा उलटा लागतो आणि आयसी जळतो.

तिसरी गोष्ट, माप घटकाचे आहे की पॅडचे. पायाच्या टोकापासून समोरच्या पायाच्या टोकापर्यंतचे अंतर ५.८ ते ६.२ मिलिमीटर असते. हे घटकाचे माप झाले. पॅड त्याहून थोडे बाहेर यावे लागते, नाहीतर सोल्डर पायाला नीट धरत नाही. पुष्कळ डेटाशीटमध्ये पॅडची शिफारस केलेली आखणी वेगळी दिलेली असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या पत्रकात या आकारासाठी पॅड १.५५ मिलिमीटर लांब व ०.६ मिलिमीटर रुंद आहे, आणि दोन रांगांच्या मध्यांतील अंतर ५.४ मिलिमीटर आहे. अशी आखणी दिलेली असेल तर तीच घ्या.

आता संगणकावर बसू. कीकॅड हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यातील फुटप्रिंट एडिटर उघडा, आपली स्वतःची लायब्ररी करा आणि नवे फुटप्रिंट सुरू करा. घटकाचा मध्य शून्यावर धरा. ५.४ चे अर्धे २.७. म्हणून डावी रांग उणे २.७ वर आणि उजवी अधिक २.७ वर. एका रांगेतील चार पॅड १.२७ च्या अंतराने, म्हणजे उभ्या मापात उणे १.९०५, उणे ०.६३५, ०.६३५ आणि १.९०५ वर येतात. कीकॅडमध्ये उभे माप खाली जाताना वाढते, हे ध्यानात ठेवा.

पॅडना क्रमांक देताना डावीकडे वरून खाली १ ते ४, मग उजवीकडे खालून वर ५ ते ८. हेच क्रमांक सर्किटच्या आकृतीतील चिन्हावरही असले पाहिजेत. सॉफ्टवेअर क्रमांकाला क्रमांक जोडते. तुमच्या मनात काय होते ते त्याला कळत नाही. शेवटी पहिल्या पायाजवळ खूण करा, आणि छापील रेषा पॅडवर येऊ देऊ नका.

बोर्ड मागवण्याआधी एक काम राहते, आणि ते कधीही टाळू नका. फुटप्रिंट कागदावर मूळ मापात छापा. पानात बसवण्यासाठी लहान-मोठे करण्याचा पर्याय बंद ठेवा. पहिल्या आणि चौथ्या पॅडच्या मध्यांतील अंतर पट्टीने मोजा, ते ३.८१, म्हणजे चार मिलिमीटरला किंचित कमी भरले पाहिजे. मग खरा आयसी कागदावर ठेवा आणि आठही पाय पॅडवर येतात का ते पाहा. एका कागदाच्या खर्चात बोर्डांचे पैसे वाचतात.

कीकॅडच्या लायब्ररीत हे फुटप्रिंट तयार आहेच. तरीही पहिले स्वतः करा आणि मग त्याच्याशी ताडून पाहा. पॅडच्या लांबीत थोडा फरक दिसेल, त्याने घाबरू नका. पायांमधील अंतर आणि क्रमांकांचा क्रम मात्र तंतोतंत जुळला पाहिजे. तो जुळला की समजा, पुढचा घटक लायब्ररीत नसला तरी तुमचे काम अडणार नाही.