आधी मुद्दल, मग व्याज



शिकवण्या घेऊन वा शिष्यवृत्तीतून दरमहा ५०० रुपये बाजूला टाकणाऱ्या विद्यार्थ्याने व्याजाच्या दराआधी एक गोष्ट विचारावी : मुद्दल परत मिळण्याची हमी कोणाची? बँकांतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. सहकारी पतसंस्थांतील ठेवींना हे कवच नाही. त्यामुळे तेथील जादा व्याजाचा मोह कष्टाच्या पैशावर बेतू शकतो.

टपाल खात्यातील ठेवींमागे भारत सरकार उभे असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरलेल्या ६.७ टक्के दराने तेथील आवर्ती ठेवीत पाच वर्षे दरमहा ५०० रुपये भरल्यास ३० हजारांचे सुमारे ३५,६८० रुपये होतात. मात्र पुढील सत्राचे शुल्क लागेल एवढी रक्कम बचत खात्यातच असावी; ती मुदतीत अडकवू नये. दहा वर्षे हात लावावा लागणार नाही, एवढीच रक्कम शेअर बाजाराकडे वळवावी.

टपाल खात्यातील या ठेवी राष्ट्रीय अल्पबचत निधीत जमा होऊन सरकारच्या कामी येतात. स्वतःच्या बचतीवर शिक्षण पुरे करणारा विद्यार्थी अशा रीतीने घराला आधार देतो आणि देशाच्याही उपयोगी पडतो.